खिशातला कागद

गोरेगाव, रविवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

ताट सरकवून तू गेलास त्याला आज आठ दिवस झाले. "आपल्याला काय करायचंय असल्या मोर्चांशी," हे बाबांचं बोलणं तुला लागलं, पण मी गप्प बसले ते जास्त लागलं असणार. तुझी जीन्स मशीनमधून काढली तर खिशात घडी घातलेला कागद. चार वाट्या ठेवून पंख्याखाली वाळवला. संविधानाची उद्देशिका. आझाद मैदानात सगळ्यांनी मिळून वाचलीत ती हीच ना?

पोलिसांनी नावं लिहून घेतली का रे? एवढंच विचारायचं होतं.

२६ जानेवारीला खाली झेंडावंदनाला उभी असतात तीच माणसं परवा लिफ्टमध्ये म्हणत होती, सरकारविरुद्ध बोलणारी ही पोरं देशाच्या मुळावर उठलीत. विचार आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य उद्देशिकेतच आहे, शांततेने, शस्त्राविना जमायचा हक्क कलम १९ मध्ये आहे, हे तूच मला शिकवलेलं. पण मी नुसती मजल्यांचे आकडे बघत राहिले. लाज वाटते त्याची.

१९७२ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या पुढारी बायकांच्या मोर्चात तुझी आजी लाटण्याने थाळी बडवत गेली होती. तीच ही पोचे आलेली थाळी, मी डाळ निवडते ती. मी सहा वर्षांची, तिचा पदर धरून. त्या रात्री हात भरून आला म्हणून तिने पोळ्या लाटल्या नाहीत, नुसता भात टाकला. पुढे आणीबाणीत त्या दोघी पुढारी तुरुंगात गेल्या. कुणी दार वाजवलं की आजी आधी रेडिओ बंद करायची. १९७७ मध्ये मुंबईने दोघींनाही लोकसभेत पाठवलं, आजीने चाळीत साखर वाटली. पण मला दाराचा आवाजच आठवतो रे. नाव, पत्ता, काही दिलंस का? तुझं पासपोर्टचं काम व्हायचंय अजून.

बघ, पुन्हा तेच. घोषणा दे, पण पुढच्या रांगेत थांबू नकोस, अंधार पडायच्या आत... राहू दे. माफ कर. आजी असती तर तुझ्या शेजारी येऊन बसली असती. मलाही त्या दिवशी तुझा अभिमानच वाटत होता, बाबांसमोर तोंडातून निघालं नाही.

गुरुवारी मावशी पुण्याला येतेय. कागद तिच्याकडे देते. घडीवर फाटलाय, मागून चिकटपट्टी लावलीय. चिवड्याचा डबाही आहे. फोन उचल. आणि नावाचं खरं काय ते सांग, बाबांना कळू देणार नाही.

तुझी,
आई