बाबा, तुमचा शब्द आत्ता हवा आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

पत्राचा पहिला भाग बाबांचा आहे. आई, सकाळी चहा झाल्यावर त्यांना वाचून दाखव, त्या वेळी त्यांना सगळं नीट उमगतं. बाकीचं तू आणि दादा-वहिनी मिळून वाचा.

बाबा, अल्झायमर म्हणजे वेड नाही आणि म्हातारचळही नाही. मेंदूत नवी आठवण पक्की करणारा भाग या आजारात आधी झिजतो. म्हणून सकाळी काय खाल्लं ते निसटतं, पण १९७२चा दुष्काळ तुम्ही तपशिलानं सांगता. आजार हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतो. तेव्हा काही गोष्टी तुमच्या तोंडून आत्ताच ठरायला हव्यात.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी आपण दुय्यम निबंधकाकडे करून घेऊ आणि तुम्ही समजून-उमजून सही करताय असं डॉक्टरांचं त्याच दिवशीचं प्रमाणपत्र जोडू. पुढं भाऊबंदकी निघाली तर तोच कागद उभा राहतो. पेन्शनच्या खात्यात आईचं नाव असं घाला की दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे तुमच्या वतीनं व्यवहार करायच्या अधिकारपत्रावर, राहू नका. देणाऱ्याची समज गेली की करार कायद्यानं ते संपतं आणि मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. शेत बटईनं कुणाला द्यायचं, तेही दादाला सांगून ठेवा. आणि घरचं कुणी सोबत नसताना कुठल्याही कागदावर सही करू नका, माणूस कितीही ओळखीचा असो.

आई, आता तुझ्याशी. बाबा वहिनीवर पैसे चोरल्याचा आळ घेतात आणि घरात त्यावरून धुसफूस चालते, त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ते मुद्दाम बोलत नाहीत. पाकीट त्यांनी स्वतः कुठंतरी ठेवलेलं असतं, ठेवल्याची आठवण नसते, मग मन आपणच कारण जुळवतं: कुणीतरी घेतलं. आळ जवळ वावरणाऱ्यावरच येतो, म्हणून वहिनीवर. "तुम्हीच ठेवलं होतं" असं पटवायला गेलं की राग वाढतो. "चला, शोधू" म्हणायचं आणि त्यांच्यासोबत शोधायचं. तसंच दुसरं एक पाकीट, थोड्या सुट्या नोटा घालून, कपाटात तयार ठेव. उशीचा अभ्रा, धान्याची कोठी, जुने बूट, या जागा आधी बघायच्या. वहिनीला मात्र बाबांच्या माघारी तू स्वतः सांग की तिच्यावर कुणाचा संशय नाही. ते शब्द तिला तुझ्याकडूनच ऐकायचे आहेत.

आंघोळीला ते नाही म्हणतात त्यालाही कारणं असतात. थंडी वाजते, कपडे काढायची लाज वाटते, डोक्यावर एकदम पाणी आलं की दचकतात. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि तू स्वतः कोपर बुडवून बघ. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसव, खांद्यावर टॉवेल राहू दे, पाणी पायापासून सुरू कर, डोकं शेवटी. सूचना एका वेळी एकच: "हात पुढं करा." ते झाल्यावर दुसरी. नळ येतो त्या दिवशी अंगण ओलं असतं, भरलेले ड्रम वाटेत असतात. त्या दिवशी त्यांना एकट्याला बाहेर सोडू नका, आणि हौदावर झाकण हवंच.

दिवस कलला की अस्वस्थपणा वाढतो, "घरी जायचंय, बैल सोडायचेत" सुरू होतं. बैल कधीच विकले हे सांगून उपयोग नाही, त्यांना दर वेळी नव्यानं धक्का बसेल. "कोणता बैल जास्त गुणी होता?" असं विचारून बोलतं कर. अंधार पडायच्या आधी दिवे लाव, दुपारी चारनंतर चहा नको. दाराला कडी खूप वर किंवा अगदी खाली लाव, तिकडं त्यांचं लक्ष जात नाही, पण त्यांना एकटं आत कोंडून कुणी जाऊ नका. खिशात नाव आणि दादाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू दे. किराणावाला, न्हावी, रिक्षा स्टँड यांना आजार सांगून ठेवा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. सापडले नाहीत तर शेताचा रस्ता, देऊळ, बसस्टँड बघा आणि लगेच ११२ला फोन करा. चोवीस तास थांबायचा कसलाही नियम नाही.

आठवणीसाठीची डोनेपेझिल ही गोळी सहसा रात्री ५ मिलिग्रॅमनं सुरू करतात, मानवली तर चार-सहा आठवड्यांनी डॉक्टर १० करतात. मळमळ, जुलाब, भूक मंदावणं सुरुवातीला होतं. चक्कर आली किंवा नाडी मंद वाटली तर लगेच कळवायचं. या गोळीनं आजार थांबत नाही, काही काळ थोडा आधार मिळतो. बरं करतो म्हणणाऱ्या चूर्णवाल्यांना पैसे देऊ नका.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. एक-दोन दिवसांत एकदम बिघडले, भलतंच बरळू लागले किंवा सारखे झोपून राहिले, तर "आजार वाढला" म्हणून बसू नका. लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नाहीतर सर्दी-खाजेची किंवा झोपेची गोळी, बऱ्याचदा यातलं काहीतरी असतं. त्याच दिवशी दाखवा. उन्हाळ्यात बाबांना तहान लागल्याचं कळत नाही, म्हणून दर तासाला अर्धा पेला पाणी किंवा ताक हातात द्यायचं. "पाणी हवं का?" असं विचारलं की ते नाहीच म्हणणार.

आम्हा मुलांना हा आजार होईल म्हणून जागू नकोस. साठीनंतर सुरू होणारा अल्झायमर बहुतेक वेळा थेट वारशानं येत नाही. धोका थोडा वाढतो, इतकंच. मी माझी साखर आणि रक्तदाब सांभाळते आहे.

आणि तुझं. आठवड्यातला एक दिवस दुपारभर दादा बाबांजवळ थांबेल, तेव्हा तू घरातलं काहीही काम काढायचं नाही. मावशीकडं जा, नाहीतर झोप. फार भरून आलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आधाराच्या सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलतात. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आणि औषधांचा खर्च माझ्याकडं. दवाखाना आणि शेत दादाकडं. निबंधकाकडची तारीख ठरली की दादाला मला कळवायला सांग, मी दोन दिवस आधी येते.

तुमची लेक