गेंड्याला दुसरं शिंग कुणी दिलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत कोकणातल्या कातळशिल्पांवर पानभर मजकूर आला. या विषयाला एवढी जागा दिलीत, याबद्दल आधी मनापासून आभार. पण पानाच्या मध्यावर जे मोठं रंगीत छायाचित्र छापलं आहे, ते पाहून मला चहाचा घोट गिळवेना. काळ्या कातळावर गेंड्याची आकृती आणि तिच्या रेषा पांढऱ्याशुभ्र. वाचकाला वाटेल, हे असंच कोरलेलं आहे. तसं नाही. त्या रेषांत ऑइलपेंट भरलेला आहे. मी तो गुडघे टेकून पाहिला आहे आणि स्वतःच्या हाताने घासला आहे, म्हणून हे पत्र.

राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी 31 वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवली. निवृत्तीनंतर सकाळ-संध्याकाळ आमच्या गावामागच्या सड्यावर जाते. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभा दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, मग निळीजांभळी फुलं येतात, दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि होळीपर्यंत कातळ तापायला लागतो. या कातळात रेषा कोरलेल्या आहेत. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं 'पांडवांनी काढलंय' म्हणून मोकळी व्हायची. आम्ही त्या रेषांवरून लंगडी घालायचो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हातान्हात सडे पालथे घातले, तेव्हा कुठे कळलं की हे एका गावाचं नाही, सगळ्या किनारपट्टीचं धन आहे. 2022 साली रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. आमचा सडा त्यात नाही. गावाचं नावही मी इथे मुद्दाम देत नाही. कारण पुढे कळेलच.

आमच्या गेंड्याची आकृती फार मोठी नाही. माझ्या पावलांनी सात पावलं भरते. रेष बोटभर रुंद, पेराएवढी खोल. दुपारी बारा वाजता तुम्ही त्याच्यावर उभे राहिलात तरी तो दिसायचा नाही. ऊन डोक्यावर असलं की कातळ सपाट होतो. साडेचार-पाचला ऊन कललं की रेषेच्या एका काठाची सावली रेषेत पडते आणि पाठीच्या कमानीपासून जनावर उठायला लागतं. सगळ्यात शेवटी डोकं दिसतं, खाली घातलेलं, आणि नाकाच्या टोकावर एकच शिंग, जरा मागे कललेलं. चित्र शिकवणाऱ्या माणसाला त्या डोक्याची रेष पाहून कळतं की हात कुठे थांबला नाही, कुठे चाचरला नाही. ज्याने हे काढलं त्याने गेंडा चरताना पाहिला होता. मान खाली घालून, कान मागे करून.

ग्रेड परीक्षेत स्मरणचित्र नावाचा एक पेपर असायचा. मुलांना तो अवघड जायचा. वस्तुचित्राला घडा, पेला समोर ठेवलेला असतो, स्मरणचित्राला समोर काहीच नसतं. मी सांगायचे, आधी डोळे भरून पाहिलं असेल तरच आठवेल, नाहीतर हात थापा मारतो. कातळावरचा गेंडा हे स्मरणचित्र आहे. जनावर काही सड्यावर बैठक देऊन उभं राहिलं नव्हतं.

आज कोकणात गेंडा नाही. एकशिंगी गेंडा पाहायचा तर आसामात काझीरंगाला जावं लागतं. म्हणून काही लोक म्हणतात, ही कल्पना असेल. मला ते पटत नाही. गुजरातेत लांघणज इथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केलं, तेव्हा मध्याश्मयुगीन, म्हणजे दगडी हत्यारांच्या काळातल्या थरात गेंड्याच्या खांद्याचं हाड निघालं. त्याचा ऐरणीसारखा वापर झालेला होता. प्रवरेकाठी दायमाबादला 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना कांस्याची चार शिल्पं सापडली: बैलजोडीचा रथ, हत्ती, रेडा आणि गेंडा. त्यांना बहुतेक अभ्यासक उत्तर हडप्पा काळाशी, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळाशी जोडतात. त्या गेंड्याच्या पायाखाली चाकं आहेत, आणि तरी अंगावरच्या कातडीच्या घड्या ओतणाऱ्याने सोडलेल्या नाहीत. म्हणजे पश्चिम भारतातल्या माणसाला गेंडा परका नव्हता. आमच्या कातळशिल्पांत शेतीचं एकही दृश्य नाही. पुरातत्त्व खात्याच्या अभ्यासकांनीही हे नोंदवलं आहे. नांगर नाही, पेरणी नाही. आहेत ती रानातली जनावरं, पक्षी आणि समुद्रातले मासे. शिकार करून पोट भरणाऱ्या माणसांची ही पाहणी आहे, आणि जनावर ओळखण्यात चूक झाली तर त्यांचा जीव जायचा.

आता पेंटचं सांगते. तीन वर्षांपूर्वी पौषात मी आठवडाभर बहिणीकडे गेले होते. परत आले तर गेंडा पांढरा. कुणी आले, कुठून आले कळलं नाही. वरून चित्रीकरण करायला ड्रोन आणला होता एवढं गुराख्याच्या पोराने सांगितलं. ड्रोनला रेषा ठसठशीत दिसाव्यात म्हणून डबा उघडून रेषा भरल्या. माझे दोन जुने विद्यार्थी घेऊन मी काढायला गेले. आधी पाण्याने, मग साबणाने. मग मी टर्पेंटाइन नेलं, आणि ती माझी चूक झाली. जांभा छिद्रांचा दगड. पेंट पातळ झाला तो छिद्रांतून आत मुरला आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना दुधी डाग पसरला. पोटाखालच्या रेषेचा तेवढा हातभर तुकडा मीच बिघडवला आहे. वाचकांपैकी कुणी असा प्रयत्न करू नये, म्हणून हे लिहिते. हे काम जाणकारांचं आहे.

पण डागापेक्षा मोठं नुकसान दुसरंच झालं. गेंड्याच्या खांद्यावरून एक भेग गेली आहे. कातळाला उन्हापावसाने जाते तशी, वाकडीतिकडी. रंगवणाऱ्याला ती रेष वाटली आणि त्याने तीही भरली. आता वरून पाहिलं तर खांद्यावर दुसरं शिंग उगवल्यासारखं दिसतं. आपल्या छायाचित्रातही ते दिसतं, नीट पाहा. मागच्या वर्षी शाळेची सहल सड्यावर आली होती. मुलांनी चित्रवह्यांत गेंडा काढला. मी वह्या पाहिल्या. एकूण एक मुलाने खांद्यावर शिंग काढलं होतं. एक मुलगी मला विचारते, "बाई, हा दोन शिंगांचा होता का?" तिचं काही चुकलं नव्हतं. तिने समोर होतं ते काढलं.

खांद्यावर शिंग असलेला असा एक गेंडा जगभर प्रसिद्ध आहे, आणि त्याचं आपल्या किनाऱ्याशी नातं आहे. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने एक गेंडा पोर्तुगिजांचा गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला. त्याने तो जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून जहाजात चढवून आपल्या राजाकडे, मॅन्युएलकडे, रवाना केला. आफ्रिकेला वळसा घालून ते जनावर 20 मे 1515 रोजी लिस्बनला उतरलं. युरोपात कित्येक शतकांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. त्याचं एक रेखाटन आणि वर्णनाचं पत्र जर्मनीत न्यूरेंबर्गला पोचलं आणि तेवढ्यावरून आल्ब्रेख्त ड्युररने लाकडी ठशाचं चित्र केलं. ड्युरर फार मोठा चित्रकार. त्याचा ससा आम्ही मुलांना दाखवत असू, एकेक केस मोजून घ्यावा असा. पण ससा त्याने पाहिला होता, गेंडा पाहिला नव्हता. म्हणून त्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आले, पायांवर खवले आले आणि मानेच्या मुळाशी पिळाचं एक छोटं जादा शिंग आलं. पुढची दोनअडीचशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांत तोच गेंडा नकलून छापला जात राहिला, शिंगासकट. ते खरं जनावर मात्र 1516 च्या सुरुवातीला पोपला भेट म्हणून पुढे पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडालं. डेकवर साखळ्यांनी जखडलेलं होतं, पोहणार कसं? हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आमच्या सड्यावरचा माणूस ड्युररच्या कितीतरी हजार वर्षं आधीचा. त्याच्याकडे कागद नव्हता, शाई नव्हती. पण त्याने शिंग एकच काढलं आणि बरोबर जागी काढलं. खांद्यावरचं शिंग आपण दिलं, आपल्या डोळ्यांदेखत, डब्यातल्या पेंटने.

कुणी म्हणेल, एका शिंगाचं एवढं काय? तर जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर नावाचा चित्रकार होता. त्याचं मानलं जाणारं डोडो पक्ष्याचं एक चित्र आज रशियात आहे. डोडो तर त्याच शतकात नामशेष झाला. आता तो पक्षी रंगाने, बांध्याने कसा होता हे ठरवताना शास्त्रज्ञ त्या चित्राकडे वळतात, कारण काढणाऱ्याने जिवंत पक्षी पाहून काढलं असावं असं त्यांना वाटतं. उद्या कुणी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी कोकणात कोणकोणती जनावरं होती हे शोधायला आमच्या सड्यावर आला, तर त्याला आपण काय दाखवणार?

रांगोळी किंवा खडूची भुकटी टाकली तर काय बिघडतं, पहिल्या पावसात वाहून जाते, असं मला एका वाटाड्याने विचारलं होतं. बिघडतं ते असं की भुकटी टाकणारा माणूस आधी ठरवतो रेष कुठे आहे, आणि येणारे पन्नास जण त्याचीच रेष पाहून जातात. बारसूच्या कातळशिल्पात दोन वाघांच्या मधे माणूस उभा आहे. तो वाघांना अडवतो आहे की नुसता त्यांच्यामधे आहे, यावर जाणकारांचं अजून बोलणं चालू आहे. तिथे एक बोट इकडचं तिकडे झालं तर अर्थ बदलेल. कशेळीच्या कातळावरच्या हत्तीचं तर विचारू नका. 18 मीटर लांब, 13 मीटर रुंद. पंधरा ऑगस्टला आम्ही शाळेच्या मैदानावर फक्कीने भारताचा नकाशा काढायचो, चाळीस फुटांचा. दोऱ्या ताणून, खुंट्या मारून, आणि दर दहा मिनिटांनी मी गच्चीवर चढून पाहायची, गुजरात फुगला का, केरळ सरकला का. कशेळीला गच्ची नव्हती. काढणारा त्या हत्तीच्या आतच उभा होता, आणि त्याच हत्तीच्या पोटात पुन्हा मासे आहेत, पक्षी आहेत, कितीतरी जनावरं आहेत. त्यातली कोणती रेष कुणाची, हे भुकटीचा डबा घेऊन कोण ठरवणार?

पेंटइतकीच भीती मला चिरेखाणीची वाटते. जांभा हाच आमच्या घरांचा दगड. माझंही घर चिऱ्याचंच आहे, त्यामुळे खाणवाल्यांना सरसकट शिव्या द्यायला मी धजत नाही. पण पूर्वी टिकावाने चिरा निघायचा, आता यंत्राचं पातं एका दिवसात गुंठ्याच्या गुंठे कापून टाकतं. शिल्पाभोवती चार दगड रचून 'संरक्षित' म्हणायचं आणि वीस फुटांवर पातं फिरवायचं, असं मी पाहिलं आहे. सड्यावरचं पाणी कुठून कुठे वाहतं ते खाणीने बदलतं. मग पूर्वी कधी न साचणारं पाणी रेषांत साचतं आणि काठ ढासळतात. ग्रामपंचायतींनी ठराव करताना नुसती आकृती न मोजता तिच्याभोवतीचा उतार धरून जागा सोडावी, एवढी विनंती आहे.

आणि आपल्याला एक विनंती. पुढच्या अंकात, छोट्या जागेत का होईना, ते छायाचित्र पुन्हा छापा आणि खाली लिहा की पांढऱ्या रेषा मूळच्या नाहीत, खांद्यावरचं शिंग ही कातळाची भेग आहे. त्याच्या शेजारी रंग न दिलेल्या एखाद्या शिल्पाचं कलत्या उन्हातलं छायाचित्र द्या. आमच्याच सड्यावर पूर्वेच्या कडेला एक लहान हरीण आहे, त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. तुमच्या छायाचित्रकाराला माघात कधीही पाठवा, दुपारी साडेचारपर्यंत पोचेल असं. एसटी फाट्यावर सोडते, तिथून मी घेऊन जाईन. गवत झाडायला केरसुणी माझ्याकडे आहे. फक्त चपला हरणाच्या अलीकडे काढाव्या लागतील, आणि कातळ तेव्हाही तापलेला असतो, तर मोजे आणायला सांगा.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी