सगळे राजेच का?

सोलापूर,
गड्डा यात्रा संपल्यानंतरचा रविवार

प्रिय पंत,

तब्येती बऱ्या आहेत. आईची साखर कमीजास्त होते, माझा खांदा थंडीत धरतो, बाकी सगळं ठीक. हे झालं. आता मुद्द्याचं ऐक, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. घरी सांगितलं तर म्हणाले, दे की कुठलंपण पुस्तक, त्यात काय एवढं!

वाचनालयात एकजण येतो. तिशीचा असेल. राहतो साखर पेठेकडं, घरात तेलुगू, शाळा मराठी, नववीनंतर यंत्रमागावर. संध्याकाळी मी टेबलावर बसतो तेव्हाच येतो, कानात अजून मागाचा खडखडाट असल्यासारखा जरा मोठ्यानं बोलतो, नाहीतर बोलतच नाही. पहिल्यांदा आला तो 'मृत्युंजय' मागत. कारखान्यात कुणीतरी सांगितलेलं. एवढा जाडजूड ग्रंथ, मला वाटलं हप्त्यानं तसाच परत येईल. परत आला तेव्हा पानापानांत खुणेला टॉवेलच्या सुताचे रंगीत तुकडे. मग 'छावा'. मग 'श्रीमान योगी', 'स्वामी', 'राऊ', 'पानिपत'. दर खेपेला विचारलं, कसं वाटलं? "चांगलंय सर." संपलं.

परवा 'पानिपत' परत केलं, रजिस्टरात सही केली, आणि पेन खाली ठेवता ठेवता म्हणाला, "सर, सगळे राजेच का?"

मला बोलताच येईना बे. इतकी वर्षं पुस्तकं हातातून जातायत, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. म्हटलं, रविवारी ये, काढून ठेवतो. आणि तेव्हापासून डोक्यात तेवढंच. कारण तुला माहितीय, अशा माणसाच्या हातात या वेळी चुकीचं पुस्तक पडलं तर तो रागावत नाही, तक्रार करत नाही, फक्त यायचा बंद होतो. काकांच्या लायब्ररीत आपण असे किती पाहिले. फोन करणार होतो, पण फोनवर तू मधे तोंड घालतोस. हे मला सलग सांगायचंय.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. "दे 'कोसला'." सर्दीला 'कोसला', पडशाला 'कोसला'. ताईला दिलं होतंस, लग्न ठरल्यावर, तर त्यातला सांगवीकर वाचून ती आठ दिवस कुणाशी धड बोलेना आणि तुझ्या आईनं तुला धरलं. मी त्या पुस्तकाला नाव ठेवत नाही. अजून काढून वाचतो, अजून हसतो, आणि मनीच्या मरणाशी आलं की अजून पुस्तक मिटून ठेवतो. पण ते लागतं ज्याला त्याला. ज्यानं वसतिगृह पाहिलं, घरचे पैसे उडवले, शिकून काय मिळवलं असं ज्याला रात्री वाटलं, त्याला ते अंगावर येतं. ह्याला शिकायलाच मिळालं नाही. त्याला कॉलेजचा कंटाळा कसा कळणार?

आणि इथं आपलं जुनं भांडण परत येतं. नवी पेठेतल्या त्या पायरीवर तू म्हणाला होतास, जे खपतं ते हलकं. मी तेव्हा नुसता चिडलो, मुद्दा सुचला नव्हता. आता सुचतो. 'स्वामी' १९६२ चं, 'कोसला' १९६३ चं, 'मृत्युंजय' १९६७ चं. पाच वर्षांत तिन्ही. एकाच पिढीनं ती वाचली, एकाच घरात, एकाच फळीवर राहिली. खांडेकरांचं 'ययाति' तर घराघरात गेलेलं, आणि मराठीतला पहिला ज्ञानपीठ १९७४ साली खांडेकरांनाच मिळाला. आणि तुझे बाबा? मिलमधून आले की हातपाय धुऊन आधी अर्नाळकरांच्या रहस्यकथा. झुंजार नाहीतर काळापहाड, दोन प्रकरणं झाल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत. त्या माणसाची वाचायची भूक मी पाहिलीय पंत, तिला हलकी म्हणायची माझी तयारी नाही. भयकथावाल्या धारपांना तर तू सरळ रद्दी म्हणायचास, आणि रात्री परसाकडं जायला मला उठवायचास!

असो. तर हा माणूस. राजे नकोत म्हणजे त्याला नक्की काय नको, हे आधी कळायला हवं ना? युद्ध नको? जुना काळ नको? जड भाषा नको? का मोठी माणसंच नकोत? या चारांची चार वेगळी पुस्तकं आहेत.

नुसता पालट हवा असेल तर सोपं आहे. 'दुनियादारी' दिली की झालं. शिरवळकरांचं पुस्तक उघडलं की कट्ट्यावरची पोरं लगेच बोलायला लागतात, वाचणाऱ्याला दमवत नाहीत. किंवा धारपांचं 'लुचाई', रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात. किंवा नारळीकरांचं 'वामन परत न आला'. याचा मी खूप विचार केला. जमिनीखाली पुरलेली पेटी सापडते, तीत फार जुन्या, आपल्याहून पुढं गेलेल्या लोकांचं ज्ञान, त्यावरून यंत्रमानव घडवतात, आणि पुढं त्या यंत्राला आपल्यासारखी आणखी यंत्रं हवी असतात. आपण विज्ञानकथा म्हटलं की अकरावी सायन्सच्या पोराला देतो. पण ज्याच्या कारखान्यात रॅपिअर माग आले आणि शेजारची माणसं कमी झाली, त्याला हे पुस्तक आपल्यापेक्षा जास्त कळेल. मला तसं अगदी मनापासून वाटतं.

मग मला 'शाळा' आठवलं, आणि तिथं मी अडकलो. तुझी आठवण आली ती तिथंच. बोकिलांचं ते पुस्तक नवं आलं तेव्हा तू पुण्याहून रात्री फोन केलास आणि बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. त्यातली शिरोडकर. आपण दोघांनी नाव घेतलं नाही, पण सेवासदनच्या रस्त्यावरची ती सायकल तुलाही दिसत होती आणि मलाही. आणीबाणीचे दिवस, नववीचं वर्ष, चार पोरं, अर्धवट बांधलेली इमारत. इतकं खरं पुस्तक. पण नववीच! ह्यानं शाळा सोडली ती नववीनंतर. त्याला ते स्वतःचं वाटेल, का जे राहून गेलं ते उघडं पडेल? ज्या बाकावर त्याचं बसणं तुटलं तिथंच मी त्याला पुन्हा नेऊन बसवायचं का? मी पुस्तक काढलं, टेबलावर ठेवलं, परत फळीवर ठेवलं. मग परत काढलं. तू असतास तर म्हणाला असतास, दे, रडला तर रडू दे. तुझं रडणं आणि त्याचं रडणं सारखं नाही रे. तू रडून दुसऱ्या दिवशी बँकेत गेलास.

'धग'चं तसंच. कौतिकसारखी बाई मराठीत दुसरी नाही, पण बारा तास मागावर उभं राहून आलेल्या माणसाला मी ते दळण वाचायला देऊ? इथं मी स्वतःशीच भांडलो. त्याला काय झेपेल हे ठरवणारा मी कोण? आपली ती सर मंडळी कामगाराला नेहमी एकतर 'करमणूक' द्यायची नाहीतर 'जाणीव' द्यायची. त्याला विचारायचं कुणी नाही.

म्हणून आज तो आल्यावर मी पुस्तक दिलंच नाही आधी. स्टुलावर बसवलं आणि विचारलं, 'पानिपत'मधलं काय लक्षात राहिलं? आवडलं का असं विचारायचं नाही, हे मी आता पक्कं शिकलोय. आवडलं का विचारलं की माणूस हो म्हणतो. लक्षात काय राहिलं विचारलं की थांबतो.

तो थांबला. मग म्हणाला, "छावणीत खायला नव्हतं ते. लढाईला नाही आलेली पण किती माणसं होती सर. बायका, यात्रेकरू. भाऊचं सगळे सांगतात. त्यांचं काय झालं?" मग म्हणाला, लढाईची तारीख १४ जानेवारी, अन् त्या दिवशी तो सिद्धेश्वराच्या देवळाशी संमती कट्ट्यापाशी गर्दीत उभा होता, यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, नंदीध्वज समोर, आणि त्याला एकदम वाटलं की एवढीच माणसं असतील तिथं, अशीच, पोरंबाळं घेऊन आलेली.

पंत, मी टेबलाला धरून बसलो. आपण दोघांनी 'पानिपत' वाचलं, इब्राहिमखान गारद्यावर वाद घातला, नजीबाला शिव्या दिल्या. यात्रेकरूंपाशी आपण थांबलो होतो का?

मला 'झाडाझडती' द्यायचं सुचलं ते तेव्हाच. लेखक तेच, विश्वास पाटील, त्यामुळं हात ओळखीचा, वेगही तोच. फक्त राजे गेले आणि उरली धरणात गाव गेलेली माणसं, आणि कचेऱ्यांचे हेलपाटे. त्याला म्हटलं, आपण नळाला येणारं पाणी पितो ना, उजनीचं? उजनीखाली पण गावं गेली. हे पुस्तक उजनीचं नाही, पण त्या माणसांचं आहे. त्यानं पुस्तक हातात घेऊन वजन केलं. म्हणाला, "एवढं मोठं आई ऐकेल का माहीत नाही."

आई?

मग सगळं निघालं. आई विड्या वळते. हा रात्री तिच्यासमोर बसून मोठ्यानं वाचतो. कर्णापासून सगळी पुस्तकं तिनं ऐकलीत, सूप मांडीवर, तंबाखू आणि पानं समोर, वळता वळता. घरात तेलुगू, मराठी ती बाजारात आणि कारखान्यात शिकली. दरबारातली मराठी आली की ती हात न थांबवता विचारते, म्हणजे काय? हा सांगतो, आणि पुढं वाचतो. आणि तो प्रश्न तिचाच होता! "सगळे राजेच का रे?" असं तिनं विचारलं, तेलुगूत, आणि यानं माझ्यापर्यंत आणला.

म्हणजे मी इतके दिवस भलत्याच वाचकाचा विचार करत होतो. एकट्यानं मनात वाचायचं पुस्तक वेगळं, आणि विड्या वळणाऱ्या बाईला ऐकवायचं वेगळं. ऐकायच्या पुस्तकात वाक्य तोंडात बसलं पाहिजे. प्रकरण एका बसणीत संपलं पाहिजे. आणि कुणीतरी सांगतंय असं वाटलं पाहिजे. लगेच 'बनगरवाडी' डोळ्यांसमोर आलं. पहिल्याच पानावर तो कोवळा मास्तर पहाटेचा चालायला लागतो आणि ऐकणारा त्याच्या मागं निघतो. कारभारी, मेंढरं, दुष्काळ, सगळं माणदेशातलं, म्हणजे आपल्या सांगोल्याच्या अंगाचं. ते मी त्याला दिलं. 'झाडाझडती'ही त्यानं परत ठेवलं नाही, म्हणाला, हे माझ्यासाठी, ते आईसाठी. नियमानं एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं. मी दुसरं माझ्या कार्डावर लिहून दिलं.

पण 'बनगरवाडी' ती आठवड्यात ऐकून संपवेल. पुढचं मला पक्कं माहितीय. बोराड्यांचं 'पाचोळा'. गावातला शिंपी, त्याचं मोडत गेलेलं घर, आणि सांगते ती त्याची बायको, पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्याच तोंडून. धाराशिव-लातूरकडची बोली, आपल्याला सख्खी. कापडावर पोट असलेल्या घराची गोष्ट, बाईच्या आवाजात, आणि जाडी बोटाएवढी. यापुढं मी तिच्यासाठी दुसरं काय शोधू? वाचनालयाची प्रत कधीच गहाळ झालीय, आणि माझी प्रत, मित्रा, तुझ्याकडं आहे. कॉलेजपासून. मिल बंद झाली त्या पावसाळ्यात तू नेलीस, आणि चाळीत काकूंना वाचून दाखवलीस. मी दारात उभा होतो तेव्हा. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या होत्या, "ही बाई खोटं बोलत नाही." म्हणूनच मी ती कधी परत मागितली नाही. आता मागतोय.

तुझी पोरगी आता दहावीला ना? का झाली? तिला 'फास्टर फेणे' पुरे झाला असेल. वहिनींना 'ब्र' द्यायचं राहिलंय, त्यांच्या गटात ग्रामपंचायतीतल्या बायका आहेत म्हणालास, त्यांच्यात ते हातोहात फिरेल. गौरी देशपांडे त्यांनी आधीच वाचल्या असतील. घराच्या हप्त्याचं काय झालं? कळव. गुडघ्याला जप.

तर 'पाचोळा' कपाटातून आजच काढ. आत्याचा धाकटा शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं सोलापूरला येतोय, त्याच्याकडं दे, मी स्टेशनवर येतो. पुठ्ठा सुटला असेल तर तू चिकटपट्टी लावू नकोस, इथं बांधून घेतो. त्याच्याबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवीन, त्या कुरियरनं चुरा होतात.

तुझा,
मास्तर

ता. क. पानांत कुठं काकूंच्या हाताचं पीठ लागलेलं असेल तर पुसू नकोस.