अपुऱ्या दिवसांची नात

छत्रपती संभाजीनगर

ति. आई-बाबा,
सा. न.

फोनवर मोकळं बोलता येत नाही, कुणी ना कुणी जवळ असतंच, म्हणून लिहितोय.

नात अजून काचेच्या पेटीत आहे, पण तब्येत धरतेय. २८ व्या आठवड्यात झाली, ९८० ग्रॅमची. फुप्फुसं उघडायला औषध द्यावं लागलं, आता नाकाला सीपॅप आहे, म्हणजे नळीतून हवेचा हलका दाब देऊन फुप्फुसं उघडी ठेवणारं यंत्र. मधूनच ती श्वास घ्यायचा विसरते. मॉनिटर ओरडतो, सिस्टर तळपायाला टिचकी मारतात, की पुन्हा सुरू होते. त्यावर रोज कॅफिन देतात, आपल्या चहात असतं तेच.

आई, आता मुख्य. गावाकडून फोन येतात. पपई खाल्ली होती का, ग्रहण पाळलं नाही का, गाडीवर कशाला बसली? तुझी सून काही बोलत नाही, पण दूध काढायला बसली की डोळे भरून येतात. तिचं बीपी एकाएकी वाढलं, लघवीतून प्रोटीन जाऊ लागलं. बाळ काढलं नसतं तर दोघींच्या जिवावर बेतलं असतं. हा आजार खाण्यापिण्यानं होत नाही, त्याचं मूळ वारेत असतं. एवढं सगळ्यांना सांग. मी सांगितलं तर बायकोची बाजू घेतो म्हणतील, तुझं ऐकतील.

ती दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, उठून दूध काढते. पहिला चीक चमचाभरही नव्हता, तो सिस्टरांनी सिरिंजमध्ये जपून नळीतून दिला. एवढ्या कोवळ्या आतड्यांना आईचंच दूध सोसतं. म्हणून मध, गुटी काही धाडू नका. तिच्यासाठी डिंकाचे लाडू धाडा.

बाबा, तुम्ही विचारलंत, पुरुषानं तिथं करायचं काय. मी सदरा काढून नातीला उघड्या छातीवर घेतो, वरून पांघरूण. याला कांगारू केअर म्हणतात. १९७८ च्या सुमारास कोलंबियात, बोगोट्याला पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं. आता जागतिक आरोग्य संघटना रोज ८ ते २४ तास करा म्हणते. तिची अख्खी पाठ माझ्या तळहातात मावते. कुरवाळायचं नाही, कातडी फार नाजूक आहे. एक हात डोक्याला, एक पायांशी, नुसता ठेवायचा. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा तेव्हा सावरतो, मी स्वतः बघतो.

महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासतील. अशा बाळांच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. वेळेत कळलं तर लेझर करून नजर वाचवता येते. ही तपासणी मी चुकू देणार नाही.

आई, औंढ्याला नागनाथाला नवस बोललीस, बरं केलंस. पाचवी राहिली म्हणून जीव खाऊ नकोस, घरी आल्यावर करू. डॉक्टर म्हणाले, आजीनं छातीशी घेतलं तरी चालतं. नखं कापून ये, बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवावे लागतील. सर्दी-खोकला असेल तर मात्र थांब.

वेचणी उरकली की दोघंही या, स्टँडवर घ्यायला येतो. नातीला बघायची वेळ चारनंतर असते, तोवर सुनेजवळ बसा.

तुमचा थोरला