उस्तादांच्या छातीवरच्या रिबनी

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की तुमच्या एनसीसीतले हवालदार उस्ताद नुसते ओरडतात, त्यांना ड्रिलपलीकडे काही येत नाही, आणि सीओ साहेब, म्हणजे तुमचे कमांडिंग ऑफिसर, मात्र काय सुंदर बोलतात. तेव्हा मी काही बोललो नाही. तुझी आई फोन हातातून घ्यायला टपलेलीच होती, आणि असल्या गोष्टी दोन मिनिटांत सांगून होत नाहीत. पण मी स्वतः एनसीसीच्या बटालियनमध्ये पीआय स्टाफ, म्हणजे कॅडेटांना शिकवणारा फौजी, म्हणून राहिलोय, या लोकांबरोबर लंगरात जेवलोय. तुला पुढे एनसीसीच्या सी प्रमाणपत्रावर चेन्नईच्या ओटीएला, लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, जायचंय ना? मग तुला शिकवणारी माणसं कुठून आली, ते तुला ठाऊक पाहिजे.

पहिल्यांदा तुमच्या कॉलेजचे कॅप्टन सर. ते एएनओ, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर. त्यांच्या खांद्यावरचे तीन तारे एनसीसीचे आहेत, लष्कराचे नव्हेत. ते मुळात प्राध्यापक. आपल्या नागपूरजवळच्या कामठीला एनसीसीच्या वेगळ्या ओटीएमध्ये प्रशिक्षण घेऊन त्यांना ते कमिशन मिळालं (बाई असतील तर बहुधा ग्वाल्हेरला). तेव्हा त्यांना 'सर, तुमची पोस्टिंग कुठे होती?' असं विचारून अडचणीत टाकू नकोस. आमच्या युनिटमध्ये एका पोरानं विचारलं होतं, आणि बिचारे सर लाजून लाल झाले. पण त्यांना कमीही लेखू नकोस. आम्ही पीआय लोक दोन-तीन वर्षांत बिस्तरा बांधून निघतो, एएनओ वीस वीस वर्षं त्याच मैदानावर उभे असतात. कोणाच्या घरी बाप आजारी आहे, कोण परेड बुडवून कामाला जातो, हे त्यांनाच माहीत. मुलींच्या युनिटमधल्या जीसीआय (गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टर) मॅडमचंही तसंच. त्या फौजेतून आलेल्या नसतात, मुलींना शिकवण्यासाठीच नेमलेल्या असतात, आणि कॅम्पमध्ये रात्री दोन वाजता ताप आलेल्या पोरीजवळ त्याच बसलेल्या असतात.

आता पीआय स्टाफ. तुम्ही ज्यांना उस्ताद म्हणता ते.

लष्करातली बटालियन, म्हणजे पलटण, आणि तुमची बटालियन यांत नावापुरतंच साम्य आहे. पलटणीत सगळे एका रेजिमेंटचे, एका घोषणेवर उठणारे. आम्हा मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हटलं की पुरे. एनसीसीच्या युनिटमध्ये मात्र कोणी शीख रेजिमेंटचा, कोणी तोफखान्याचा, कोणी सिग्नलचा, कोणी ईएमईचा, म्हणजे यंत्रदुरुस्तीवाला. कॅडेट हजारोंनी आणि वर्दीतले फौजी बोटांवर मोजण्याइतके. कचेरीतले बाबू राज्य सरकारचे. असल्या खिचडीत हवालदार येतो तेव्हा त्याची पंधरा-वीस वर्षांची नोकरी झालेली असते.

ती नोकरी कशी झाली ते ऐक. भरतीत सोळाशे मीटर धावून, बीम मारून, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पोरगं निवडलं जातं. मग रेजिमेंटल सेंटर. माझं बेळगाव होतं. तिथे कसम परेड झाली की पलटण. मग लान्स नाईक, नाईक, हवालदार. प्रत्येक फितीसाठी केडर म्हणजे पलटणीतलं प्रशिक्षण, नकाशावाचनाची परीक्षा, कोर्स. सेक्शन कमांडरचा कोर्स करायला ज्युनिअर लीडर्स विंग, तेही बेळगावातच. मधेमधे फील्ड आणि पीस, म्हणजे कधी मोर्चा कधी छावणी, फील्ड आणि पीस. राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मीर, कधी सियाचीनचं ग्लेशियर, कधी ईशान्येला. या काळात त्याची मुलं गावाकडं आजोबांच्या मांडीवर मोठी होतात. तुला आठवत नसेल, पण तू तीन वर्षांची असताना मी सुट्टीवर आलो तर मला बघून तू आजीच्या पदराआड लपली होतीस.

म्हणून एनसीसीची पोस्टिंग आली की जवान खूश होतो. शहर मिळतं, बायको-पोरांसोबत राहता येतं, मुलांची शाळा एका जागी होते. खरं सांगायचं तर काही जण इथे दमून आलेले असतात आणि घड्याळ बघून दिवस ढकलतात. असले उस्ताद मी पाहिलेत, मी त्यांची बाजू घेणार नाही. पण काल जो दहा जणांचं सेक्शन घेऊन जंगलात घात लावून बसत होता, त्याला इथे नाश्त्याच्या केळ्यांचा हिशेब, वर्दीची मापं आणि कोणाचा टोपीवरचा लाल तुरा (हॅकल) हरवला याची नोंद ठेवावी लागते. मीही तो हिशेब ठेवलाय. पहिले काही महिने माझी चिडचिड व्हायची.

एवढ्यावरून फौजेत काही लोक एनसीसीला बाजूची पोस्टिंग समजतात. त्यांना मी एक गोष्ट सांगायचो. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली एनसीसी उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले संचालक होते कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर. पुढे १९७३ मध्ये माणेकशांच्या मागून लष्करप्रमुख झाले ते हेच बेवूर. त्याआधीही कॉलेजातल्या पोरांसाठी युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर होती, दुसऱ्या महायुद्धात तिचं नाव बदलून युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर झालं. म्हणजे कॉलेजातून अधिकारी घडवायचा उद्योग जुना आहे, आणि तो चालवायला फौजेनं हलकी माणसं धाडली नव्हती.

तुझ्या ओरडणाऱ्या उस्तादांकडे येतो. आमच्याकडे तोफखान्याचे एक हवालदार होते. त्यांचा आवाज एवढा मोठा की पोरं त्यांना पाठीमागे 'भोंगा' म्हणायची. १९९९ साली कारगिलच्या लढाईत ते कोवळे गनर होते, द्रासला बोफोर्सच्या तोफेवर. दिवसरात्र मारा चालला होता. त्यात त्यांचा एक कान गेला. ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही तो हळू कसा बोलणार? हे त्यांनी कधी कॅडेटांना सांगितलं नाही. मला कळलं तेही एकदा टीव्हीचा आवाज कमी करा म्हटल्यावर.

तुम्हाला एफसीबीसीत (फील्डक्राफ्ट आणि बॅटलक्राफ्ट, म्हणजे रणांगणावरची कौशल्यं) एक धडा असतो, वस्तू का दिसतात हा. आकार, चमक, सावली, पार्श्वभूमी, अंतर, हालचाल. कॅडेट तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण तो शिकवणारा हवालदार जर कुपवाड्याच्या जंगलात राहिलेला असेल, तर त्याला विचार की घड्याळाच्या काचेवर पट्टी का लावतात, झाडांच्या ओळीत माणूस का उठून दिसतो, गस्तीत जवान ठरावीक अंतरानं का चालत नाहीत. तुझ्या वहीत जे एका ओळीत आहे त्यावर तो अर्धा तास बोलेल. अंतर अजमावण्याचंही तसंच. मधे नाला किंवा खोलगट जमीन आली की समोरची टेकडी असते त्यापेक्षा जवळ वाटते, हे वाचून कळत नाही. एकदा फसल्यावर कळतं, आणि डोंगरात फसायला एकदाच मिळतं. तुमचे उस्ताद आपणहून सांगणार नाहीत. फौजेत स्वतःची बढाई मारणाऱ्याला लंगरात कोणी शेजारी बसू देत नाही. तुला विचारावं लागेल, आणि तेही विश्रामच्या वेळी, परेडमध्ये नव्हे.

आणि विचारायच्या आधी बघायला शीक. कॉम्बॅट वर्दीवर पदकांच्या रिबनी लावत नाहीत, त्यामुळे रोज काही कळणार नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी एनसीसी दिन असतो, तेव्हा सगळा स्टाफ पूर्ण वर्दीत असेल. त्या दिवशी डोळे उघडे ठेव. ९, २० आणि ३० वर्षांच्या दीर्घ सेवेची वेगवेगळी पदकं असतात, त्यावरून नोकरी किती झाली ते कळतं. सियाचीन ग्लेशियर पदकाची रिबन असेल तर तो माणूस तिथे वर राहून आलाय. कारगिलची दोन असतात. विजय स्टार हा लढाईच्या मुलखात असलेल्यांना आणि विजय पदक त्या वेळी तैनात झालेल्या इतरांना. लोक दोन्ही एकच समजतात. पराक्रम पदक दिसलं तर आवाज खाली ठेवून बोल. ते शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला मिळतं. स्वातंत्र्याच्या ५० व्या वर्षाचं पदक ज्याच्या छातीवर, तो १९९७ साली वर्दीत होता. असे आता थोडेच उरलेत, तुमच्या सुभेदार मेजर साहेबांकडे असेल कदाचित. ७५ व्या वर्षाचं मात्र जवळपास सगळ्यांकडे दिसेल, त्यावरून काही ठरवू नकोस.

सीओ साहेबांबद्दल तुझं मत चांगलं आहे, ते तसंच राहू दे. त्यांची वाट वेगळी असते. डेहराडूनहून किंवा चेन्नईहून लेफ्टनंट होऊन निघायचं, दोन वर्षांत कॅप्टन, सहा वर्षांत मेजर, तेरा वर्षांत लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंत नोकरीची वर्षं भरली की मिळतं. पुढे कर्नल व्हायला निवड मंडळ बसतं, आणि तिथे गाळणी लागते. कंपनी चांगली चालवली, कोर्स चांगले झाले, तरी जागाच कमी. एनसीसीत येणारे काही साहेब पलटणीची कमान पूर्ण करून आलेले असतात, काहींना ती मिळालेलीच नसते. दोन्ही तऱ्हेचे मी पाहिले, आणि मला विचारशील तर ज्यांना मिळाली नव्हती त्यांच्यातला एक साहेब माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला सीओ होता. तो कॅडेटच्या पत्राला स्वतः उत्तर लिहायचा. हे काही सगळ्यांना लागू नाही, मी एकाचं सांगतोय.

बायांची गोष्ट आणखी वेगळी. १९९२ मध्ये फौजेनं डॉक्टर-नर्सपलीकडच्या शाखांत मुली अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली, तीही थोड्या वर्षांपुरती. बहुतेक शाखांत चौदा वर्षं झाली की घरी. २०२० च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं कायमच्या कमिशनचा निकाल दिला, आणि आता बाया कर्नल होऊन युनिट सांभाळताहेत. तुला कुठे अशा मॅडम भेटल्या तर त्यांचं भाषण ऐकून टाळ्या वाजवून येऊ नकोस. मधल्या वर्षांत, पुढे ठेवतील की नाही हे ठाऊक नसताना, त्यांनी काम कसं केलं ते विचार.

चेन्नईला गेलीस तर तिथेही हेच लोक. कंपनी आणि प्लाटून कमांडर कॅप्टन-मेजर असतील, पण सकाळी अंधारात तुला मैदानावर पळवणारा पीटीचा उस्ताद बहुधा आपल्या पुण्याच्या शारीरिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून आलेला असेल, आणि ड्रिलचा उस्ताद कुठल्या तरी पलटणीचा हवालदार किंवा सुभेदार. तो तुला 'मॅडम' म्हणेल आणि त्याच श्वासात फ्रंट रोल मारायला लावेल. एकोणपन्नास आठवडे तो तुझी रगडपट्टी काढेल. अंतिम पग, म्हणजे दीक्षान्त संचलनातली शेवटची पायरी, ओलांडून खांद्यावर तारे लागले की तोच तुला सॅल्यूट ठोकेल, आणि पलटणीत गेल्यावर तुझ्या बापाच्या वयाचा सुभेदार 'जी साहब' म्हणत तुझा हुकूम पाळेल. त्या सुभेदाराला नवा साहेब पहिल्या आठवड्यातच कळतो. हवालदाराशी तो कसा बोलतो एवढंच तो बघतो. मी बघायचो. काही लेफ्टनंट साहेबांसाठी आम्ही रात्री-अपरात्री उठून काम केलं, आणि काहींचा हुकूम फक्त पाळला. इंग्रजी कोणाचं चांगलं होतं, ते मला आता आठवतही नाही.

आता कामाचं. सी प्रमाणपत्रात निदान बी श्रेणी आणि पदवीला सरासरी पन्नास टक्के, एवढं असेल तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या मुलाखतीचं, बोलावणं येऊ शकतं. मुलींच्या जागा कमी असतात, तेव्हा पन्नासावर थांबू नकोस. परेडची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस, कॉलेजचं गॅदरिंग असलं तरी. फायरिंगला जाताना डावा हात सैल ठेव, तू घट्ट धरतेस आणि गोळ्या उजवीकडे जातात असं तूच सांगितलंस. कॅम्पला दोन जोड मोजे जास्तीचे ने. आईनं तुझ्या खात्यावर पैसे टाकलेत, बुटांसाठी आहेत, दुसऱ्या कशासाठी नाहीत.

उस्ताद कुठल्या रेजिमेंटचे ते नक्की विचार आणि मला कळव. मराठा असतील तर कोणती पलटण आणि बेळगावला कोणत्या साली होते तेही विचार. आमची तिथे गाठ पडलेली असू शकते.

तुझे,
आप्पा