गॅस गिझरला हवा कुठून मिळते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये मृत्यू झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. धुळवडीलाही येतात, कारण त्या दिवशी रंग निघेपर्यंत माणसे बराच वेळ गरम पाण्याखाली असतात. या बातम्यांत ‘गॅसगळती होऊन गुदमरून मृत्यू’ असे सर्रास छापले जाते. मी तंत्रनिकेतनात उष्मागतिकी शिकवत असे आणि हे वाक्य वाचून दरवेळी अस्वस्थ होते. अशा बहुतेक घटनांत गॅस गळालेला नसतो. तो जळत असतो, पण पुरेशी हवा न मिळाल्याने अर्धवट जळतो. ‘गळती’ वाचणारा माणूस घरी रबरी नळी चाचपतो, रेग्युलेटर बघतो, वास येत नाही याची खात्री करतो आणि निर्धास्त आंघोळीला जातो. खऱ्या कारणाकडे त्याचे लक्षही जात नाही.

थोडा हिशेब मांडते. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा नेहमीचा गिझर पूर्ण आचेवर ताशी साधारण १ किलो एलपीजी जाळतो. १ किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आपल्याकडच्या फ्लॅटमधले बाथरूम चार बाय सहा फुटांचे आणि आठ फूट उंचीचे धरले, तर आत हवा भरते जेमतेम साडेपाच घनमीटर. दार-खिडकी गच्च बंद असेल तर तिथला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला चार-पाच मिनिटे पुरतात. स्वस्तातल्या गिझरना धूर बाहेर नेणारा पाइप नसतो. त्यामुळे जळून झालेली हवा त्याच खोलीत साठते आणि तीच पुन्हा बर्नरमध्ये ओढली जाते. ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढू लागतो. गिझरवर २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असली, तरी तिच्या भरवशावर राहू नये ते यासाठीच.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि गॅस जळताना तोही जळून जातो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटके पडतात. काहीतरी बिनसले आहे हे कळेपर्यंत उठून कडी काढण्याचे बळ उरलेले नसते. पाइपचा गॅस आला म्हणून आता काळजी नाही, असे पुष्कळांना वाटते. गळतीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण तो हवेपेक्षा हलका असल्याने लवकर वर जातो. पण हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड त्याच्यापासूनही तसाच तयार होतो.

दिवाळी तोंडावर आहे म्हणून हे पत्र आताच लिहिते आहे. पुष्कळ घरांत उन्हाळ्यापासून बंद पडलेला गिझर थेट नरक चतुर्दशीच्या पहाटे पेटवला जातो. मधल्या महिन्यांत बर्नरवर धूळ बसलेली असते, कोळ्याने जाळे केलेले असते, कधी कुंभारमाशीने जाळीच्या भोकात मातीचे घरही बांधलेले असते. त्यात त्या पहाटे घरात पाहुणे, उटणे-तेल लावून एकामागून एक अभ्यंगस्नाने, बाहेर गारठा म्हणून खिडक्या बंद. पहिला माणूस बाहेर येतो आणि दार उघडे ठेवून हवा बदलू न देता दुसरा आत शिरतो. शेवटी आंघोळ करणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यात वाईट हवा येते, आणि सगळ्यांची झाल्यावर शेवटी जाते ती बहुधा घरातली गृहिणी.

आमच्या सोसायटीत ज्यांनी बोलावले त्यांच्या घरचे गिझर मी जाऊन पाहिले. एका घरी बाथरूमच्या खिडकीला काचेच्या पट्ट्या होत्या. वारा लागतो म्हणून त्यांवर आतून पुठ्ठा लावून चिकटपट्टीने चारी कडा बंद केल्या होत्या. दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी. गिझरच्या वरच्या जाळीजवळ पांढऱ्या टाइलवर हाताच्या पंजाएवढा काजळीचा डाग, आणि पेटवल्यावर ज्योतीची टोके पिवळी. त्या घरच्या काकूंचे हिवाळ्यात रोज आंघोळीनंतर डोके दुखे. त्या ते सर्दीचे समजत होत्या. पुठ्ठा त्याच दिवशी काढायला लावला आणि गिझर ड्राय बाल्कनीत हलेपर्यंत वापरू नका, असे हात जोडून सांगितले.

ड्राय बाल्कनी ही त्यासाठी खरोखर चांगली जागा. गिझर तिथे लावायचा आणि गरम पाण्याची नळी तेवढी बाथरूममध्ये आणायची. पण हल्ली ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा बसवून तिची खोलीच करून टाकतात. मग बाथरूममधला धोका स्वयंपाकघराशेजारी येतो, इतकेच. डक्टचेही तसेच. इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये गिझरचा धूर सोडला तर तो वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून आत जाऊ शकतो. एक्झॉस्ट फॅन लावला आहे ना, असे अनेकांनी मला विचारले. फॅन हवा बाहेर टाकतो, पण आत येणाऱ्या हवेला वाटच नसेल तर तो नुसता गरगरतो. ज्या गिझरला धुराचा पाइप आहे, तिथे तर धूर उलटा खोलीत ओढला जाण्याची भीती असते. खालून ताजी हवा आत यायला झडप आणि वरून गरम धूर बाहेर जायला झरोका, अशा दोन्ही वाटा कायम उघड्या लागतात.

गिझर लगेच हलवणे ज्यांना जमत नाही, त्यांनी निदान दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला बसावे. मुले आणि म्हातारी माणसे आत असताना कडी लावूच देऊ नये. कोणी आत कोसळलेच तर आधी दार-खिडकी उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि दवाखान्यात पोचताच ‘गॅस गिझर चालू होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बोटाला लावायचा नेहमीचा ऑक्सिमीटर अशा रुग्णातही ९८-९९ दाखवू शकतो, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त आणि प्राणवायू असलेले रक्त त्याला वेगळे ओळखता येत नाही.

हे सगळे एकेका घराच्या शहाणपणावर सोडता येणार नाही. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये फक्त असा बंदिस्त गिझर लावता येतो, ज्याला हवा बाहेरून मिळते आणि ज्याचा धूरही बाहेरच जातो. धूर खोलीतच सोडणाऱ्या गिझरची विक्री चीनने २००० साली बंद केली. आपल्याकडे दुकानातून आलेला माणूस भिंतीला दोन भोके पाडून गिझर टांगतो, पाणी गरम येते का बघतो आणि निघून जातो. महापालिकांनी भोगवटा प्रमाणपत्र देताना गिझरची जागा नकाशावर दाखवलेली आहे का आणि तिथे हवा खेळती आहे का, हे तपासावे. गॅस एजन्सीचा माणूस शेगडी आणि नळी तपासायला येतो, त्याच्या तक्त्यात गिझरची एक ओळ वाढवावी. गृहनिर्माण संस्थांनी ड्राय बाल्कनी बंद करण्याची परवानगी देण्याआधी आत गिझर आहे का, एवढे तरी विचारावे.

आणि आपल्याला विनंती अशी, की यापुढे अशी बातमी आली तर ‘गळती’ हा शब्द वापरण्याआधी बातमीदाराने पोलिसांना आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: गिझर कुठे बसवला होता, खिडकी उघडी होती का आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला का. जी उत्तरे मिळतील, ती बातमीत छापावीत.

आपली नम्र,
एक निवृत्त अध्यापिका, नाशिक