बदललेली दुचाकी आणि तिचा दुसरा मालक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे गेल्या काही वर्षांत राज्यातील अनेक शहरांच्या बातम्यांत पाहायला मिळाली. ही कारवाई योग्यच आहे. 175 सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना आवाजासाठी 80 डेसिबलची मर्यादा पाळावी लागते, आणि ‘पंजाबी’ किंवा ‘इंदोरी’ या नावाने विकला जाणारा सायलेन्सर ती कशी धुडकावतो हे मुख्य रस्त्याला लागून राहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. मात्र या सगळ्या चर्चेत एक प्रश्न सतत मागे पडतो. असे बदल केलेली गाडी पाच-सात वर्षांनी कोणत्या अवस्थेत असते आणि तेव्हा ती कोणाच्या दारात उभी असते? आयटीआयमध्ये मोटारसायकल दुरुस्ती शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि बाहेरच्या गॅरेजांत दुरुस्त न होणाऱ्या गाड्या मुलांच्या सरावासाठी आमच्याकडे येत असत. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

गाडीत बदल केला की ती बिघडतेच, असे मी म्हणणार नाही. बसवलेला भाग चांगला आहे का, एवढ्यावरही ते ठरत नाही. मोटारसायकलचा प्रत्येक भाग त्याच्या शेजारच्या भागाचा हिशेब धरून बनवलेला असतो. एक भाग बदलला की तो हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि आपल्याकडे नेमके तेच होत नाही.

सर्वांत जास्त गाड्या वायरिंगने मरतात, इंजिनाने नव्हे. जुन्या बुलेट क्लासिक 350 चा हेडलाइट उघडून पाहावा. कारखान्याने दिलेला बल्ब 60/55 वॉटचा असतो. उजेड कमी पडतो म्हणून बाजारातून 90/100 वॉटचा बल्ब आणून त्याच होल्डरमध्ये बसवला जातो. बारा व्होल्टच्या गाडीत साठ वॉटला पाच अँपिअर प्रवाह लागतो, शंभर वॉटला आठपेक्षा जास्त. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याच वायरमध्ये, त्याच होल्डरमध्ये आणि हँडलवरच्या त्याच डिपर स्विचमध्ये जवळजवळ पावणेतीन पट उष्णता निर्माण होऊ लागते. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. वर्षभरात होल्डरचे प्लास्टिक पिवळे पडते, मग तपकिरी होते. स्विचच्या आतला पितळी संपर्क काळा पडून आपला ताण घालवतो आणि एखाद्या रात्री घाटात अप्पर-डिपर करताना दोन्ही दिवे एकदम जातात. हाच बल्ब बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, रिले (थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज घालून जोडला असता तर स्विचवरून रिलेपुरताच नगण्य प्रवाह गेला असता. रिले काही शे रुपयांत मिळतो. तरीही होल्डरवरचा आणि परावर्तकावरचा जादा ताप शिल्लक राहतोच, म्हणून माझा सल्ला मूळ वॉटचाच चांगल्या प्रतीचा बल्ब घेण्याचा असे.

याच हेडलाइटच्या पोटात फॉग लॅम्प, मोबाइल चार्जर, जास्तीचा हॉर्न आणि चमकणाऱ्या पट्ट्या यांचे सांधेही केलेले असतात. मूळ वायर ब्लेडने सोलायची, नवी वायर तिच्याभोवती गुंडाळायची आणि वरून काळी चिकटपट्टी मारायची, ही सर्वत्र रूढ झालेली पद्धत आहे. उन्हाळ्यात त्या पट्टीचा डिंक वितळून सरकतो, पावसाळ्यात सांध्यात पाणी जाते आणि तांब्याच्या धाग्यांवर हिरवट थर चढून ते एकेक करून तुटतात. अशी गाडी कधी चालू होते, कधी होत नाही. मेकॅनिक बॅटरी बदलतो, मग रेग्युलेटर बदलतो, मग स्टार्टर रिले, आणि दोष मात्र त्या दोन इंचांच्या सांध्यात जसाच्या तसा राहतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी तांब्याची तार घातलेल्या गाड्या मी स्वतः उघडल्या आहेत. त्यानंतर उडायचे ते वायरिंगच उडते, कधी आगीसकट.

आता सायलेन्सर आणि एअर फिल्टर. मोकळ्या सायलेन्सरने इंजिन ‘मोकळे’ होते, हा समज मुलांच्या मनातून काढायला मला फार वेळ लागत असे. इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात लागते. धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी केली आणि फिल्टरची पेटी काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला, तर हवा वाढते. पेट्रोल तेवढेच राहते. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या गाडीत त्यासाठी मेन जेट (पेट्रोल सोडणारे मोजके छिद्र) बदलून, प्लग काढून त्याचा रंग पाहून मिश्रण पुन्हा बसवावे लागते. दुधाच्या चहासारखा तपकिरी प्लग म्हणजे मिश्रण बरोबर. पांढराफट्ट प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिनाचे डोके तापते आहे. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि सायलेन्सर विकणाऱ्या दुकानात ते करताना मी क्वचितच कोणाला पाहिले. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बहुतेक बीएस-6 (धूर-प्रदूषणाच्या नव्या मानकांच्या) गाड्यांत पेट्रोल इंजेक्शन आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आहे, त्यामुळे गाडी स्वतःच जुळवून घेते, असे विक्रेते सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. संथ, एकसारख्या वेगात सेन्सरच्या मदतीने मिश्रण ठरावीक मर्यादेत सुधारले जाते. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे मूठ पूर्ण पिळल्यावर, इंजिन आधी आखून दिलेल्या आकड्यांवर चालते, आणि ते आकडे मूळ फिल्टर व मूळ सायलेन्सर धरूनच लिहिलेले असतात.

फिल्टरचा परिणाम आपल्या सातारा भागात अधिक गंभीर होतो. ऊसतोडीच्या हंगामात मुरमाच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे गाडी चालवली की संध्याकाळी टाकीवर बोटाने नाव लिहिता येते. ही धूळ उघड्या किंवा वेळेवर तेल न लावलेल्या फिल्टरमधून आत गेली की सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासू लागतात. ऑइल कमी होते, सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो आणि जे बोअर-पिस्टनचे काम कित्येक वर्षांनी निघायचे ते फार लवकर दारात येते. कार्ब्युरेटरच्या चालत्या गाडीची किल्ली बंद-चालू करून सायलेन्सरमधून फटाके वाजवण्याची चाल तर यापेक्षा वाईट आहे. न जळालेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेट घेते, आणि आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) असेल तर त्याची जाळी भाजून निघते.

बाकीचे बदल थोडक्यात सांगतो. मूळच्या रिमवर जास्त रुंद टायर चढवला की तो दोन्ही कडांनी आवळला जाऊन मध्ये फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, वळणावर नीट पडत नाही आणि कित्येकदा चेन किंवा मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याला घासतो. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले आहे. ही यंत्रणा चाकांच्या फिरण्याच्या गतीवर अवलंबून असते, म्हणून टायरचा घेर मनाने बदलणे अशा गाडीत अधिकच चुकीचे. उंच हँडल लावताना क्लच केबल आणि वायरिंग ताणून बसवले, तर ते हँडलच्या मानेशी वाकून वाकून तुटते. स्वस्त अलॉय चाके खड्ड्यात तडकतात, आणि तडकलेले अलॉय वेल्डिंग करून वापरणे हा जिवाशी खेळ आहे.

याच्या उलट उदाहरण आमच्याच भागात रोज पहाटे दिसते. दुधाच्या गाड्या. साध्या शंभर सीसीच्या गाडीला लोखंडी कॅरिअर, दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे आकडे आणि मागे कडक शॉकअप लावलेले असतात. चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन म्हणजे ऐंशी किलोंवर वजन, शिवाय माणूस. कागदोपत्री पाहिले तर हाही बदलच आहे आणि मी त्याची शिफारस करत नाही. पण त्या गाड्या वर्षानुवर्षे कशा चालतात हे शिकण्यासारखे आहे. दूधवाला वेग वाढवत नाही, कॅरिअर फ्रेमला वेल्डिंग करण्याऐवजी बोल्टने आवळतो, मागच्या चाकाच्या तारा आणि बेअरिंग खराब होणार हे गृहीत धरून मोडण्याआधीच बदलतो. आपण गाडीकडून काय जास्तीचे मागतो आहोत आणि त्याची किंमत कोणत्या भागाने मोजायची आहे, हे त्याला ठाऊक असते. शहरातल्या दहा-वीस हजारांच्या सजावटीत ही जाणीव मला फार थोड्या वेळा दिसली.

दुसऱ्या मालकाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हौशीने बदल करणारा तरुण गाडी सहसा दोन-चार वर्षांत विकतो. विकताना मूळ सायलेन्सर परत चढवला जातो, पट्ट्या काढल्या जातात, गाडी धुऊन पॉलिश होते. सोललेल्या वायरी, झिजलेल्या रिंगा आणि काळा पडलेला स्विच आतच राहतात. ती गाडी घेतो कोण? कॉलेजला जाणारा मुलगा, घरोघरी सामान पोहोचवणारा, नवी गाडी न परवडणारा कारागीर. मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात, आरसी त्याच्या नावावर होते. या कागदांतून मालक बदलल्याचे कळते, गाडीच्या पोटात काय बदलले ते कळत नाही. पीयूसीची चाचणीही गाडी जागेवर उभी ठेवून होते, त्यामुळे तिच्यातूनही यातले फारसे काही उघड होत नाही. मग ज्याची मजुरी गाडीवर अवलंबून आहे, त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या हौसेचे बिल येते.

कायदा याबाबत पुरेसा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हींची तरतूद आहे. अंमलबजावणी मात्र जे कानाला ऐकू येते आणि डोळ्यांना दिसते त्यावरच थांबते.

म्हणून माझी विनंती तीन ठिकाणी आहे. गॅरेजवाल्यांनी गाडीत बसवलेली प्रत्येक जादा वस्तू, तिचे वॉट किंवा माप आणि जोडणी कुठून घेतली हे बिलावर लिहून द्यावे. यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. आयटीआयच्या अभ्यासक्रमात रिले आणि फ्यूजसह जादा जोडणी करण्याचे, तसेच मिश्रण तपासण्याचे प्रात्यक्षिक प्रत्येक मुलाकडून स्वतंत्रपणे करून घ्यावे, कारण उद्या हीच मुले त्या गॅरेजांत बसणार आहेत. आणि जुनी गाडी घेणाऱ्यांनी रंग व टायर पाहण्यात वेळ घालवण्याआधी मालकाच्या परवानगीने हेडलाइट उघडून आणि प्लग काढून पाहावा. या दोन्ही गोष्टींना मेकॅनिकची मजुरी धरून फारसा खर्च येत नाही. मालकाने नकार दिला, तर ती गाडी घेऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
सातारा